दुपारी सोडायचा फ्रिज

वैशाखात दुपारचे बारा वाजले की आमच्या कुंभार पिंपळगावात फ्रिज बंद होतात. लाइट जाते म्हणून नव्हे. लाइट गेल्यावर ते बंद पडतातच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी म्हणतोय ते लाइट असताना, घरच्या मालकाने जेवणाआधी हातपाय धुऊन, स्वतः उठून, खटका दाबून बंद केलेले. चार वाजता पुन्हा चालू. मधल्या वेळात आत दूध नासतं, कालवण आंबतं, आणि बाहेरगावचा एखादा पाहुणा विचारतो, "हे कामून हो?" तर मालक त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतो आणि एकच शब्द बोलतो, "आराम."

हा आराम गावाला मिळवून दिला आमच्या कल्याणने. राधेश्याम शेठच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला सेल्समन. पन्नाशीकडे झुकलेला, पांढरा शर्ट, केसांना रोज तेल, आणि खिशाला लावलेला टेस्टर. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा हा टेस्टर. तो कधी प्लगात घातलेला मी पाहिला नाही. त्याने पाठ खाजवताना मात्र पुष्कळदा पाहिलंय.

माणूस खोटारडा आहे असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. कल्याणला ती अडचण कधी आली नाही.

मूळचा तो बियाण्यातला. शेठची दोन शटरं शेजारी शेजारी. एकात बी-बियाणं आणि फवारणीची औषधं, दुसऱ्यात फ्रिज, टीव्ही, कूलर. कल्याणची उमेदीची सगळी वर्षं पहिल्या शटरात गेली. मग दुसऱ्या शटरातला माणूस एक दिवस पुण्याला निघून गेला आणि शेठ कल्याणला म्हणाले, "जरा बाजूला सरक." तो सरकला. एक भिंत ओलांडली, पण डोक्यातला माल जुनाच घेऊन आला. नव्या शटरातल्या पहिल्याच आठवड्यात मी त्याला एका गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं.

"हे वाण लवकर थंड व्हतं, पर टिकत न्हाई. हे दुसरं जरा उशिरा थंड व्हतं, पर उतारा चांगला."

"अन् लाइट गेल्यावर?"

"तुमच्याकडं लाइटीचा भरवसा न्हाई ना? मंग हे कोरडवाहू घ्या."

फ्रिजवर त्या पाच चांदण्या छापलेल्या असतात ना, त्या कशाच्या, असं एकाने विचारलं. कल्याणने उलट विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच मोठे, चार लेकरं."

"लेकरं अर्धी धरा. सात झाले. सात चांदण्यांचा येत न्हाई. पाचचा न्या, अन् दोघं जण मधून मधून गावाला जात जा."

कपडे धुवायची मशीन घ्यायला आलेल्या बाईला त्याने विचारलं, "काकू, जमीन कोणती तुमची? काळी का मुरमाड?" बाई म्हणाली, "अहो, मला कपडे धुवायचेत, पेरायचं न्हाई." तर हा म्हणतो, "कपड्याला तीच माती लागती ना?" आता यात खोडून काढण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. मला तर अजून सापडलेलं नाही.

खोक्यात माहितीचं पुस्तक येतं, ते कल्याण पहिल्यांदा काढून घेतो. "ह्यानं माणूस गोंधळतो," म्हणतो. वाचत तो स्वतःही नाही. ती पानं शेजारच्या भजेवाल्याकडे जातात. मी चिनी अक्षरांवरचे भजे खाल्लेले आहेत. चवीत फरक नाही.

बियाण्याच्या दुकानाची एक शिस्त असते, ती समजली की कल्याण समजतो. बी उगवलं नाही म्हणून माणूस तणतणत आला, तर दुकानदाराने "काय की बुवा" असं म्हणायचं नसतं. "पेरा खोल गेला", "ओल कमी होती", "मात्रा चुकली", असं काहीतरी झटकन म्हणायचं असतं. चूक बियाण्याची नाही, चूक पेरणाऱ्याची. मग तोच माणूस खाली मान घालून दुसरी पिशवी घेऊन जातो. ह्या शिस्तीत मुरलेल्या कल्याणसमोर एका उन्हाळ्यात पुंजाराम येऊन उभा राहिला.

पुंजारामने नवा फ्रिज ठेवला होता पत्र्याच्या खोलीत, मावळतीच्या भिंतीला घट्ट चिकटवून, आणि वर गोधड्यांचा ढीग रचला होता.

"कल्याणभाऊ, दुपारचा लय तापून राह्यला. बाजूला हात ठिवू देत न्हाई."

कल्याणने टेस्टरने पाठ खाजवली. "पुंजारामभाऊ, दुपारी बैल सोडता का न्हाई?"

"सोडतो की. उन्हात कोण औत हाकतं?"

"सावलीला बांधता?"

"बांधतो."

"पाणी दाखवता?"

"दाखवतो."

"अन् ह्या मुक्या जनावराला?"

पुंजारामने टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "मला वाटलं, मशीनीला काय..."

"रात्रंदिवस जुपून ठिवला तुम्ही त्याला. बारा ते चार सोडायचा. बटण बंद, दार बंद, कोणी हात लावायचा न्हाई."

पुंजाराम अपराध्यासारखा घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फ्रिज सोडला आणि घटकाभराने हात लावून पाहिला. काय आश्चर्य, तापलेला नव्हता! संध्याकाळी पारावर त्याने ही बातमी सांगितली आणि आठवड्याच्या बाजारातून ती आसपासच्या गावांत गेली. आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत, बैलाला पूर्ण सुट्टी असते. कोणीतरी विचारलं, मग फ्रिजला? कल्याण म्हणाला, "ते काय सांगायला पाह्यजे का?" पुढे पोळा आला. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, ते चोळून झाल्यावर पुंजारामने उरलेला हात फ्रिजच्या बिजागऱ्यांवरून फिरवला. दार करकरायचं थांबलं. मग तर बोलायची सोयच राहिली नाही.

फ्रिज दुरुस्त करणारा गयासोद्दीन सगळं जाणून आहे. चार वाजता अख्ख्या गल्लीचे फ्रिज एकदम जुंपले जातात, विजेचा दाब कोसळतो, कोणाचा तरी स्टॅबिलायझर जळतो आणि गयासोद्दीनची मोटारसायकल निघते. मी त्याला एकदा धरलं.

"काय रे, लोकांना खरं सांगत कामून न्हाईस?"

"बापू, कल्याणभाऊ बोलते, मैं खोलता. दोनों का बराबर चल रहा. बीच में तुम कायको?"

"तुझ्या घरचा फ्रिज असतो का दुपारी बंद?"

"हमारे घर में रहिमुन्निसा है, बापू. उसके सामने मैंच बंद रहता."

कोणी जास्तच शंका काढली तर कल्याण एकच पुरावा देतो. "माझ्या घरी या. बारा वाजता सोडतो, चारला जुपतो. दार उघडून बघा, बर्फ आख्खाच्या आख्खा." आणि हे खरं आहे. लोक जाऊन बघून आलेत. बर्फ असतो.

तो का असतो, हे गावात चार-पाच माणसांना ठाऊक होतं. आता तुम्हालाही सांगतो. कल्याणला कळेल ही भीती नाही, छापलेलं काही वाचायची त्याला सवय नाही.

त्याची बायको दैवशाला. शांत बाई. एक उन्हाळा तिने नासलेलं दूध गपचूप ओतून दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कल्याण दुकानात असताना तिने गयासोद्दीनला बोलावलं. त्याने फ्रिजमागून एक वायर काढली, मसाल्याच्या फळीआडून नेली आणि पलीकडच्या खोलीतल्या बोर्डात जोडली. कल्याणचा खटका जागेवरच ठेवला, पण मेलेला. रोज बारा वाजता कल्याण तो मोठ्या इतमामाने दाबतो, टक् असा आवाज होतो, आणि फ्रिजला त्याची खबरही नसते.

तुम्ही म्हणाल, घरघर ऐकू येत नसेल का? येते ना. पहिल्या दिवशी कल्याणने फ्रिजला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आराम बराबर व्हऊन राह्यला. रवंथ करतोय."

म्हणजे बघा, बायकोने भांडण नको म्हणून एक वायर टाकली, आणि त्या वायरीच्या जोरावर नवऱ्याने गावातल्या सगळ्या बायांचं दही नासवलं.

त्यांना एकच मुलगी, सत्यशीला. खाजगी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा आला की पोरं मुद्दाम विचारतात, "मॅडम, फ्रिजला दुपारी सोडायचं का?" पोरगी हुशार, दिसायला नीटस, पण तिची दोन स्थळं मोडली होती आणि दोन्ही कल्याणने मोडली होती. पहिलं अंबडचं. बोलणी पार मानपानापर्यंत आली होती. कल्याणने उठता उठता व्याह्यांना सल्ला दिला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी घालत जा, त्यात खनिजं असतात. आधी बॅटरी गेली, मग स्थळ गेलं. दुसऱ्याचं मी सांगत बसत नाही. त्यात मिक्सर होता.

तिसरं स्थळ मी सुचवलं. बदनापूरचा भागवत. रोज रेल्वेने जालन्याला जातो, बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी करतो. दोघांचं फोनवर बोलणं झालं, मग पुन्हा झालं, मग मोजायचं सोडून दिलं. एक दिवस सत्यशीला मला सहज विचारते, "बापू, बदनापूरचं पाणी जड हाये का हो?" जी पोरगी गावाचं पाणी विचारते ती मनाने तिथे पोचलेली असते. मी दैवशालाला म्हटलं, हे जमवायचंच.

भागवतच्या वडिलांना, रामप्रसादरावांना फोन लावला. ते कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले.

"मुलगी कोणाची म्हणलात?"

"कल्याणची. शेठच्या दुकानातला."

"फ्रिजचे कल्याणराव?" पलीकडे ते उठून उभे राहिले असावेत. "अहो बापू, मी मागच्या साली जांबला समर्थांच्या दर्शनाला आल्तो. येताना पिंपळगावात थांबलो अन् त्यांच्या दुकानात गेल्तो. त्या माणसानं माझे डोळे उघडले हो! तवापासून एक दिवस चुकवला न्हाई. रोज दुपारी मी सोता सोडतो फ्रिज. कवा यायचं सांगा."

मी खूश झालो. एवढ्यात फोन कोणीतरी हिसकावला. त्यांची बायको चतुराबाई.

"त्या माणसाची पोरगी हाये का?"

"व्हय."

"मंग मी येते. न्हाई म्हणायलाच येते. तोंडावर म्हणते. बापू, माझा माणूस दुपारभर त्या खटक्यापाशी खुर्ची टाकून बसतो हो, राखण केल्यावानी! माझं इरजण गेलं, रस गेला, नातवाचं दूध गेलं. ज्यानं माझं घर नासवलं त्याची पोरगी मी सून करू?"

फोन आपटला. मी दैवशाला आणि सत्यशीलाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सत्यशीला वडिलांसमोर जाऊन बसली.

"अण्णा, एक मागायचंय."

"माग की."

"पाहुणे येतील त्या दिवशी मशीनचं एक अक्षर बोलायचं न्हाई. टीव्ही न्हाई, फ्रिज न्हाई, बॅटरी न्हाई. मला हे घर पाह्यजे."

पोरीने आयुष्यात पहिल्यांदा असं उघड मागितलेलं. कल्याण हलला. "न्हाई बोलणार," म्हणाला. "शपत." पाणी पिऊन आला आणि विचारतो, "अन् त्यांनीच विचारलं तर?"

पाहुणे सकाळी दहाला यायचे ते जीप बिघडून एक वाजता आले. तोवर कल्याणने फ्रिज सोडला होता. दैवशाला म्हणाली होती, आजचा दिवस राहू द्या. तर हा म्हणे, "पाहुणे आले म्हणून बैल उन्हात जुपतो का आपून?"

बाहेरच्या खोलीत कल्याण, मी, रामप्रसादराव आणि भागवत बसलो. भागवत उंच, लाजरा, येताना उन्हाने लाल झालेला. चतुराबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवरच. लवकर उठायचं असलेला माणूस बसतो तशा. आत आमची ही पुऱ्या लाटायला गेली होती, म्हणून आतलं पुढचं सगळं मला कळलं. पाण्याचा ट्रे हिनेच भरला. उन्हातून आलेली माणसं, हिच्या डोक्यात काही नव्हतं, हिने फ्रिज उघडून बाटल्या काढल्या.

सत्यशीला ट्रे घेऊन आली तेव्हा पेल्यांना बाहेरून घाम फुटला होता. तिने ते पाहिलं, पण आता मागे कसं फिरणार?

रामप्रसादरावांनी एका दमात पेला रिकामा केला. "आहाहा! कल्याणराव, दुपारच्या एक वाजता हे पाणी? आराम दिलेल्या फ्रिजचं?"

कल्याणने तोंड उघडलं, पोरीकडे पाहिलं, आणि मिटलं. इतक्या कष्टाने तोंड मिटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कानशिलं फुगली.

चतुराबाईंनी घोट घेतला नाही. त्यांनी पेला गालाला लावून धरला आणि बघत राहिल्या, आधी कल्याणकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"बोलत न्हाईत," रामप्रसादराव मला म्हणाले. "मोठी माणसं अशीच असतात. कल्याणराव, चहा मागून. आधी ते जनावर दाखवा."

"दाखवतो," कल्याण म्हणाला. दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, असा त्याने मनाशी हिशोब केला असावा. दोघं आत गेले. मागून चतुराबाई गेल्या. त्यांच्यामागून, उन्हाचा त्रास होतोय असं दाखवत, दारापर्यंत मीही गेलो.

रामप्रसादरावांनी खटका पाहिला. बंद. फ्रिजला कान लावला. "आवाज येऊन राह्यला!"

आता मात्र कल्याणला राहवेना. "रवंथ," तो हळूच बोलला.

"आमचा करत न्हाई हो! मुका पडून राहतो."

"दुपारी किती सोडता?"

"बारा ते चार. बिलकुल बराबर."

"मंग खुराक कमी पडत असंल. पुन्हा जुपल्यावर किती दाब देता?"

"अण्णा!" सत्यशीला म्हणाली.

कल्याण दचकला. "चला पाहुणे, बाहेर बसू," म्हणत रामप्रसादरावांना घेऊन गेला. चतुराबाई मात्र आतच थांबल्या. मला आमच्या हिने डोळ्यांनी बाहेर हाकललं, तेव्हा इथून पुढचं तिच्या तोंडचं.

चतुराबाईंनी फ्रिजच्या कुशीवर तळहात ठेवला. कोमट. मग वाकून मागे पाहिलं. वायर धरून मसाल्याच्या फळीपर्यंत बोट नेलं.

"खरं सांगा बाई," त्या म्हणाल्या. "हा चालू हाये का बंद?"

"बंद," दैवशाला म्हणाली.

"चालू," सत्यशीला म्हणाली. दोघी एकदमच.

पुरी तेलात तशीच जळत राहिली.

"म्हंजे!" चतुराबाईंचा आवाज चढला. "तुम्ही इथं बर्फ खाता, अन् मी तिकडं नासकं दही फेकते? त्या बर्फाची गोष्ट सांगून सांगून माझा माणूस मला उपदेश करतो! 'कल्याणरावाच्या घरी बघ, बंद असून बर्फ राहतो. तुझाच हात वाईट.' माझा हात वाईट म्हणे!"

दैवशालाच्या डोळ्यांना धार लागली. "घरात कटकट नको म्हणून केलं हो माय. दुसऱ्याच्या घरापत्तर जाईल असं कुठं वाटलं व्हतं?"

"जातं की. बदनापूरला आलं."

सत्यशीलाने गॅस बंद केला. "आईचं चुकलं. मला ठाऊक असून मीबी गप राह्यले, शाळेत शिकवून गप राह्यले. मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. सगळ्यांसमोर सांगते. तुमचा हात वाईट न्हाई, हे तुमच्या माणसाला कळलं पाह्यजे."

"अन् लगीन?" आमच्या हिने विचारलं. हिला राहवलं नाही.

"मोडंल," पोरगी म्हणाली. आणि निघाली ती निघालीच.

उंबऱ्याशी चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं. बाहेरून कल्याणचा आवाज येत होता. तो रामप्रसादरावांना विचारत होता की बदनापूरला यंदा ऊन कसं आहे, आणि ते इतक्या आदराने उत्तर देत होते की जणू परीक्षाच चालू आहे.

"थांब पोरी," चतुराबाई म्हणाल्या. "सांगून काय व्हईल? तुझ्या बापाचा पाणउतारा व्हईल, माझा माणूस चार दिवस जेवणार न्हाई. अन् पाचव्या दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून येईल. मी ओळखते त्याला. त्याला कोणाचं तरी ऐकायलाच लागतं. ह्याचं निदान वायरीत भागतं, पुढच्याचं कशात भागंल देव जाणे."

दैवशालाने डोळे पुसले.

"तुला वायर जोडता येती का?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "गयासोद्दीनचाचांनी जोडली. पर शिकंन."

"न्हाई म्हणली, हे बरं केलं. तुमच्या घरात हा शब्द कोणीतरी बोलतं म्हणायचं."

आणि त्या बाहेर आल्या. पिशवी खुर्चीखाली ठेवली, पेला उचलला, आणि आता कोमट झालेलं पाणी सगळं प्यायल्या.

"पोरगी पसंत हाये," त्या म्हणाल्या.

भागवतने मांडीवरचा रुमाल चुरगाळला तो सोडेना. रामप्रसादराव बायकोकडे असे बघत होते की जणू फ्रिजनेच काहीतरी बोलून दाखवलंय.

"पर एक अट हाये."

कल्याणचा चेहरा उतरला. मीही सावरून बसलो.

"तुमचा तो मेकॅनिक लग्नाआधी आमच्या घरी पाठवायचा. आमचा फ्रिज रवंथ करत न्हाई. त्याला करायला लावायचा."

"एवढंच?" कल्याण उठून उभा राहिला. "अहो विहीणबाई, मेकॅनिक कशाला, मी सोता येतो!"

"तुम्ही नका येऊ!" आतून दैवशाला, सत्यशीला आणि आमची ही, तिघी एका सुरात.

जेवणं झाली. पद्धत म्हणून मुलामुलीला माळवदावर बोलायला पाठवलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो, तिथे वारा बरा येतो. भागवत आधी उन्हाबद्दल बोलला. मग म्हणाला, "मला ठाऊक व्हतं. आमच्या लॅबमधी बियाण्याचे फ्रिज कवाच बंद होत न्हाईत. पर बाबाला सांगायची छाती झाली न्हाई. तुमच्या अण्णाला खरं कवा सांगायचं?"

"तुमच्या बाबांच्या आधी न्हाई," ती म्हणाली.

दोघंही हसायला लागले ते थांबेचनात, आणि मी तिथून उठलो. मलाही कुठेतरी मर्यादा आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात गयासोद्दीन बदनापूरला जाऊन आला. रामप्रसादरावांना त्याने दोन तास किराणा दुकानात अमुकच रंगाची चिकटपट्टी शोधायला पाठवलं, तेवढ्यात काम उरकलं. संध्याकाळी रामप्रसादरावांचा मला फोन. "बापू, करून राह्यला. ऐका!" आणि त्यांनी फोन फ्रिजला लावला. मी ऐकलं. काय करता, व्याह्यांचा मान.

गयासोद्दीनला मी म्हटलं, "आता तर तुझी चैनच हाये." तो म्हणाला, "बापू, खरं सांगू? अब डर लगता. पिंपळगावच्या बाया बी विचारून राह्यल्या, 'चाचा, हमारा भी रवंथ कराव.' सबका फ्रिज चालू रहा तो स्टॅबिलायझर कौन जलाएगा?" तरी पुंजारामच्या बायकोची वायर त्याने टाकलीच. सत्यशीलाने लग्नाच्या गडबडीतही त्याच्यामागे लकडा लावला होता. शाळेतल्या पोरींच्या घरांपासून सुरू करा, म्हणाली.

लग्न जांबला, समर्थांच्या मंदिराजवळच्या मंगल कार्यालयात झालं. पोरगी गाडीत बसली तेव्हा कल्याण लहान मुलासारखा रडला. गाडी गेल्यावर आम्ही दोघं चहाला बसलो. त्याने टेस्टर काढला, नुसता हातात फिरवला, पुन्हा खिशाला लावला.

"बापू, पोरीला सासू देवमाणूस मिळाली."

"व्हय?"

"निघताना मला बाजूला घेऊन म्हणली, 'व्याहीबुवा, आमच्या घरी हक्कानं येत जा, जेवा, राहा. फकस्त मशीनीबद्दल काही सांगू नका. आमची तेवढी समज न्हाई.'" त्याने रुमालाने डोळे पुसले. "एवढी नम्र बाई मी जन्मात पाह्यली न्हाई."

मी चहा प्यालो. बशी पालथी घातली. पोरगी सुखात पडली होती, आणि चहाचे पैसेही त्यानेच दिले.